ईदपर्यंत चेहरा उजळेल का?

रमजानचा पहिला अशरा खजूर, फळे आणि भज्यांच्या वासात जातो. दुसऱ्यात कापडाची दुकाने भरतात. तिसरा अशरा लागला की पाळी येते बांगड्यांची, मेंदीची आणि चेहऱ्याची. मिरजेचा बाजार असो, सांगलीचा मारुती रोड असो की साताऱ्याचा राजपथ, तरावीहनंतर औषधांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांसमोर मुलामुलींचे घोळके दिसतात. प्रश्न एकच असतो, "ईदपर्यंत उजळेल असं काहीतरी द्या." फक्त मुलीच विचारतात असे नाही. हल्ली मुलगे अधिक विचारतात, आवाज मात्र खाली करून. हाच प्रश्न लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधीही विचारला जातो, फक्त तारीख बदलते.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण वर्गात आम्लांचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "मॅडम, ग्लायकोलिक ॲसिड म्हणजे तेच का, चेहऱ्याला लावतात ते?" मुलांना नावे सगळी पाठ आहेत. नायसिनामाइड, सॅलिसिलिक, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी. मोबाइलवर रोज कोणीतरी एक नवीन बाटली दाखवत असते. कोणती कधी लावायची, किती लावायची आणि कशाला लावायचीच नाही, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी तारखेचा हिशेब करू. त्वचेच्या सर्वांत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे त्याहून जास्त. मुरुमांवरच्या चांगल्या औषधाचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. मुरूम गेल्यावर राहणारा काळा डाग त्याहूनही चिवट असतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जास्त जागरूक असतात. जरा खरचटले, दाह झाला की त्या मेलॅनिन ओततात आणि तो डाग महिनोन्महिने हटत नाही. म्हणजे रमजानच्या पंधराव्या रोजाला विकत घेतलेली कोणतीही प्रामाणिक ट्यूब चांदरातीपर्यंत चेहरा पालटू शकत नाही. आठवड्यात चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी वस्तू मिळते, हे खरे आहे. पण मग त्या ट्यूबमध्ये दुसरेच काही असते, आणि बहुतेक वेळा ते दोघांपैकी एक असते: स्टेरॉइड किंवा पारा.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात आणि त्याने माणसाला झोप लागते. पण ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, दाह दाबते, म्हणून चेहऱ्यावर लावताच चार दिवसांत त्वचा फिकी आणि नितळ दिसते. लोकांना वाटते, गुण आला. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तोंडावर ओढणी घेऊन प्रॅक्टिकलला यायची. बर्नरजवळ उभी राहिली की तिच्या गालांची आग व्हायची. शेवटी तिने ओढणी बाजूला केली. गाल लाल, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, हनुवटीवर मुरुमांचा थर आणि गालांवर पूर्वी नव्हती अशी लव. दीड वर्ष ती एक ट्यूब वापरत होती. मावशीने दिली होती, मावशीला शेजारणीने. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरे नाव स्टेरॉइडचे. बंद केली की दोन दिवसांत चेहरा भडकायचा, म्हणून ती पुन्हा लावायची. या फेऱ्यातून ती डॉक्टरांच्या मदतीने बाहेर पडली, पण त्याला सात-आठ महिने लागले.

ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली होती, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, म्हणजे जवळजवळ सातातला एक. डॉक्टरांनी या अवस्थेला वेगळे नावच दिले आहे, ज्याचा अर्थ 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असा होतो. पुढे मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशी अधिसूचना काढली. कागदावर नियम आहे. काउंटरवर काय चालते ते आपण सगळे जाणतो. गजकर्णालाही हीच मलमे लावली जातात. खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते आणि मग घरातल्या सगळ्यांना होते.

पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून रंग खरोखर उतरतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीवर बसतो. अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघी स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेले एकच क्रीम वापरत होत्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्यात पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या पंधरा जणांमध्ये एक दुर्मीळ खूण दिसली आणि त्या पंधरांपैकी तेरा जण गोरे करणारे क्रीम वापरत होते. लक्षणे काय? पायावर, डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस. कोणाच्या लक्षात येणार की याचे मूळ आरशासमोरच्या डबीत आहे? क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली, हे त्यातले समाधान. आपल्याकडचे नियम सांगतात की डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली तर इतर प्रसाधनांत पारा नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग एवढाच चालेल. ज्या डबीवर निर्मात्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, फक्त परदेशी लिपीतली झगमगीत अक्षरे आहेत, तिच्यावर हा नियम कोण तपासणार? "दुबईहून आणलंय" ही काही शुद्धतेची पावती नव्हे.

आता मुलांच्या आवडत्या शब्दाकडे येऊ. 'ॲक्टिव्ह' म्हणजे सक्रिय घटक. क्रीममध्ये बहुतेक पाणी, तेल, मेण, वास आणि टिकाऊपणासाठी घातलेले पदार्थ असतात. त्वचेच्या कामात प्रत्यक्ष ढवळाढवळ करणारा घटक थोडासाच असतो, दोन टक्के, पाच टक्के, कधी दशांश एक टक्का. तेवढाच महत्त्वाचा. गंमत अशी की या परदेशी वाटणाऱ्या नावांची मुळे आपल्या शिवारातच सापडतात.

ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात असते. सातारा-सांगलीच्या मुलाला हे सांगितले की तो आधी हसतो, मग म्हणतो, "म्हणजे आमच्या कारखान्याला आणखी एक उपपदार्थ!" बाटलीतले आम्ल मात्र प्रामुख्याने रासायनिक कारखान्यात बनते, आणि उसाचा रस तोंडाला चोळून काही होत नाही, माश्या तेवढ्या येतात. या कुळातल्या आम्लांमध्ये ग्लायकोलिकचा रेणू सर्वांत लहान, म्हणून तो चटकन आत शिरतो आणि झोंबतोही जास्त. दह्यातले लॅक्टिक आम्ल त्याचाच थोडा मोठा आणि मवाळ भाऊ. तासगावच्या द्राक्षांत टार्टारिक आम्ल असते, तेही याच घराण्यातले. ही आम्ले मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटा सैल करतात, म्हणून त्वचा तुकतुकीत दिसते. पण वरचा थर पातळ झाला की ऊनही लवकर लागते.

सॅलिसिलिक आम्ल वेगळे. नदीकाठी वाळुंज वाढते, त्याच्या कुळातल्या झाडांच्या सालीतला पदार्थ हा त्याचा आणि ॲस्पिरिनचा पूर्वज. ते तेलात विरघळते, म्हणून तेलाने तुंबलेल्या रंध्रात उतरू शकते. काळ्या-पांढऱ्या टोप्यांच्या मुरुमांना ते म्हणूनच चालते. घरी वापरायला दोन टक्के पुरे. ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे त्यांनी लांब राहावे. अझेलिक आम्ल गहू-बार्लीच्या दाण्यात असते. त्याचा गवगवा कमी, पण मुरूम आणि डाग दोन्हींवर ते काम करते आणि आपल्या रंगाच्या त्वचेला ते मानवते. माझे मत विचाराल तर डाग राहणाऱ्या त्वचेसाठी या यादीतले सर्वांत दुर्लक्षित नाव हेच.

नायसिनामाइडची कहाणी मला सर्वांत जवळची वाटते, कारण ती भाकरीशी जोडलेली आहे. हे बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. ते शरीराला मिळाले नाही तर पेलाग्रा होतो: उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडते, सोलते, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरच्या, जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांमध्ये हा आजार का दिसतो याचा शोध घेतला. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाचे प्रमाण जास्त असल्याने शरीरातले बी-३ चे गणित बिघडते, अशी मांडणी त्यांनी केली. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे, मांस मिळाले की हा प्रश्न उरत नाही, म्हणून जत-आटपाडीच्या भाकरीला घाबरण्याचे कारण नाही. तेच जीवनसत्त्व आज चार-पाच टक्के घालून काचेच्या बाटलीत विकले जाते. ते त्वचेचे आवरण मजबूत करते, तेलकटपणा थोडा आवरते, डाग हळूहळू फिके करते आणि सहसा झोंबत नाही. नवशिक्याने पहिला सक्रिय घटक म्हणून याला निवडावे. दहा टक्क्यांची बाटली पाच टक्क्यांच्या दुप्पट गुण देते असे मात्र नाही; चिडचिड तेवढी वाढू शकते.

हे सगळे खरे असले तरी रमजानमध्ये, आणि तेही ईदच्या तोंडावर, यातले काहीही नव्याने सुरू करू नये असे मी सांगेन. पहिल्या दोन-चार आठवड्यांत त्वचा कोरडी पडू शकते, सोलू शकते, मुरूम तात्पुरते वाढूही शकतात. ईदच्या सकाळी गळाभेटीला ते कोणाला हवे? या महिन्यात फक्त तीन गोष्टींची सवय लावावी: चेहरा धुणे, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. ज्याचा कंटाळा येतो तेच खरे काम असते. सवय लावायला रमजानइतका चांगला महिना नाही, कारण या दिवसांत घराचे घड्याळ अजानवर चालते आणि सहरी-इफ्तार कोणी विसरत नाही. त्वचेवर काही लावल्याने रोजा तुटत नाही, हेही घरोघरी ठाऊक असते.

रोजेदाराचा चेहरा दिवसातून पाच वेळा वजूला धुतला जातो. म्हणून काही मुले पाचही वेळा फेसवॉश वापरतात, आणि मग त्वचा ताणल्यासारखी का होते असे विचारतात. त्वचेचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो, म्हणजे किंचित आम्ल. साध्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा. प्रत्येक वेळी साबण लावला की त्वचेचे नैसर्गिक तेल आणि तिचे आम्ल आवरण दोन्ही जाते. वजूला साधे पाणी पुरते. सौम्य फेसवॉश सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, बस्स. पुसताना टॉवेल घासू नये, टिपावे, आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन असलेले साधे, बिनवासाचे लोशन चालते. ते महाग असण्याची गरज नाही. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको हा समज चुकीचा आहे. तिला हलके, जेलसारखे हवे, एवढेच.

सनस्क्रीनवर जरा थांबते, कारण डागांवर पैसे खर्च करून उन्हापासून संरक्षण न घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे आहे. एसपीएफ ३० मधली चांगली सनस्क्रीन जळवणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० वाली ९८ टक्के. म्हणजे आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा ती पुरेशी लावणे महत्त्वाचे. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा. बहुतेक जण याच्या निम्मीही लावत नाहीत. बाटलीवर पीए पुढे तीन किंवा चार अधिकचिन्हे पाहावीत, ती त्वचा काळवंडवणाऱ्या आणि काचेतूनही आत येणाऱ्या किरणांसाठी असतात. दुपारी जोहरच्या वजूनंतर बाहेर पडायचे असेल तर पुन्हा लावावी. "वजूच्या वेळी सनस्क्रीनचा थर असला तर?" असे एका विद्यार्थिनीने विचारले होते. तो प्रश्न आलिमांचा. माझ्यापुरते इतकेच सांगते की आधी फेसवॉशने चेहरा धुतला तर दोन्ही बाजूंचे समाधान होते.

बासी ईदला आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला जायची पद्धत आहे. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, आणि संध्याकाळी परतताना नाक सोललेले असते. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणे दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे. वाऱ्याने गारवा येतो, किरण अडत नाहीत.

ज्या बायका द्राक्षबागेत विरळणीला किंवा उसाच्या फडात दिवसभर असतात त्यांच्या गालांवरचे वांग हा वेगळाच विषय आहे. वांग उन्हाने वाढतो, गरोदरपणात आणि संप्रेरकांच्या बदलांनीही वाढतो, आणि त्याला दिसणारा प्रकाशही चेतवतो. म्हणून वांग असलेल्यांना लोहाचे ऑक्साइड मिसळलेली, त्वचेच्या रंगाची सनस्क्रीन सांगतात. पण रोजंदारीवरच्या बाईला दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा म्हणणे कागदावरच ठीक. तिच्यासाठी रुंद काठाची टोपी आणि जाड सुती ओढणी हाच खरा उपाय, आणि तो फुकटातला आहे.

ओढणीवरून आठवले. सांगली-साताऱ्याच्या रस्त्यावर स्कूटरवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात. त्यांतली कोण कोणत्या धर्माची, हे ओळखून दाखवणाऱ्याला माझ्याकडून शिरखुर्मा. स्कार्फ चांगला, पण तो आठवडाभर न धुता वापरला तर घाम, तेल आणि धूळ त्याच हनुवटीवर घासत राहते. मुरूम नेमके तिथेच उठतात. उशीच्या अभ्र्याचेही तेच. शंभर रुपयांच्या फेसवॉशपेक्षा कधी कधी बादलीभर पाणी जास्त काम करते.

आता ईदनंतरचे. तेव्हा एक, फक्त एक, सक्रिय घटक निवडावा. आधी तो कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे दोन-तीन दिवस लावून पाहावा. नंतर आठवड्यातून दोन रात्री, मग तीन, मग सोसेल तसे. पुढचा घटक आणायचा तर निदान तीन आठवड्यांनी. एकाच वेळी चार बाटल्या सुरू केल्या आणि चेहरा भडकला, तर गुन्हेगार कोण हे शोधणार कसे? प्रयोगशाळेत आम्ही एका वेळी एकच चल बदलतो, ते उगाच नाही.

मुरूम लाल, पूभरले असतील तर अडीच टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या बरोबरीने काम करते आणि त्रास कमी देते. फक्त ते कापडाचा रंग उडवते. ईदचा नवा कुर्ता घालून लावू नये. रेटिनॉइड कुळातली औषधे, म्हणजे ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन आणि त्यांचे सौम्य नातेवाईक रेटिनॉल, ही सगळ्यांत अभ्यासलेली आणि सगळ्यांत चुकीच्या पद्धतीने वापरली जाणारी. रात्रीच लावायची, सुक्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढी, संपूर्ण चेहऱ्याला मिळून, एकेका मुरुमावर नव्हे. पहिला महिना कोरडेपणा येतो म्हणून लोक सोडून देतात, नेमके गुण यायच्या आधी. गरोदर बाईने आणि मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने ही लावू नयेत. नवविवाहितांना हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगते. व्हिटॅमिन सीची बाटली तपकिरी पडली असेल तर ती मुदतीच्या आत असली तरी तिचा उपयोग संपला. तीस टक्के आम्लाचे लालभडक द्रावण घरी लावण्याची जी पद्धत मोबाइलवर दिसते, ती नवशिक्यांसाठी नाही.

"मग घरचे उपाय?" हा प्रश्न माझ्या सासूबाई विचारतात, आणि तो सांगलीत विचारला जाणारच. या शहराची ओळखच हळद. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. २००५ च्या महापुरात बरीच पेवे गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवले. दाह कमी करणारा गुण हळदीतल्या कुर्क्युमिनमध्ये आहे, हे खरे. पण ते त्वचेत फारसे शिरत नाही आणि उजेडात टिकत नाही. म्हणून लग्नाची हळद, आमच्याकडचे उबटन आणि दिवाळीचे उटणे हे सुखाचे, वासाचे आणि आपल्या माणसांच्या हातांचे प्रकार आहेत. मुरुमांचे औषध नव्हेत. लावायचेच तर आंबेहळद किंवा हळकुंड आणून घरी दळावे, कारण सुट्या पिवळ्याधमक भुकटीत रंग खुलवायला शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. लिंबू मात्र चेहऱ्याला मुळीच नको. त्याचा सामू दोनच्या जवळ, आणि त्यातले काही पदार्थ उन्हात त्वचा अक्षरशः भाजतात, मागे महिनोन्महिन्यांचा काळा ओघळ ठेवून. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांबद्दलही हेच उत्तर. मेंदी घ्यायची तर हिरवी, भिजवून लावायची. अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगणाऱ्या कोनात केसांच्या कलपातले पीपीडी असू शकते, त्याने हातावर फोड येतात.

आणि तो 'उजळ' शब्द. वर सांगितलेल्या कोणत्याही घटकाने जन्माचा रंग बदलत नाही. डाग जातात, त्वचा सारखी आणि निरोगी होते, इथपर्यंतच त्यांची धाव. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' काढून टाकला. स्थळांच्या जाहिरातींतून तो गेलेला नाही. आमच्याकडचे रिश्ते आणि शेजारच्यांकडची स्थळे, दोन्हीकडे पहिली ओळ रंगाचीच. पंढरीला सावळ्या विठोबाकडे चालत जाणारे आणि हजरत बिलाल यांच्या अजानीची आठवण सांगताना गहिवरणारे, असे आपण सगळेच मुलीचा फोटो पाहताना गोरेपणा शोधतो. त्या मुलीच्या मावशीने ट्यूब दिली ती दुष्टपणाने नव्हे. भाचीचे लग्न जमावे म्हणून दिली.

ज्यांनी अशी ट्यूब वापरली आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. आपल्या मनाने दुसरे काही चोपडूही नये. सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे त्वचारोगाची बाह्यरुग्ण तपासणी होते. साताऱ्याच्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, डब्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या झालेल्याही. वेष्टन फाडून टाकले असेल तर नाव आठवण्यात वेळ जातो, आणि मागच्या बाजूची ती बारीक अक्षरेच डॉक्टरांना सर्वांत आधी वाचायची असतात. पायावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर तेही न लाजता सांगावे, लघवीची साधी तपासणी तिथेच होते.